बहिणींची बीज कुठे आहे?

आपल्या पंचांगाचा भावावर भारी जीव. श्रावणी पौर्णिमेला राखी भावाला, कार्तिकातल्या द्वितीयेला ओवाळायचे भावाला, आणि नागपंचमीला तर नागालाही भाऊ करून घेतलेला! भाऊबीजेच्या कथेत खुद्द यमराज बहिणीकडे जेवायला जातात. म्हणजे ज्या खात्यात रजा हा शब्द नाही, तिथेही भावाची रजा मंजूर. आणि बहिणींनी बहिणींना भेटायचे केव्हा? निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ खाली आम्हा बँकवाल्यांना सुट्ट्या मिळतात. त्यातही त्यांच्यासाठी दिवस नाही.

आता तुम्ही म्हणाल, ज्येष्ठा-कनिष्ठा आहेत ना! आहेत. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर निघतात. पण त्या दोघींसाठी पुरणपोळ्या लाटणाऱ्या हाडामांसाच्या बहिणी त्या दिवशी असतात आपापल्या सासरी, आपापल्या ओट्याशी.

आमच्या सौभाग्यवती धरून त्या चौघी. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर. चौघींनी आपला सण आपणच काढला: जानेवारीतला चौथा शनिवार. २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी झाली, तेव्हा निदान एक नवरा तरी पोरांकडे बघायला मोकळा. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली आणि साकीनाक्याला बसमध्ये अडकून राहणेही टळले. जिच्याकडे पाळी, तिच्या नवऱ्याने सकाळी नऊला घराबाहेर पडायचे. मग वालाचे बिरडे, आणि आई त्यात गूळ किती घालायची यावर दरवर्षी तेच भांडण.

यावर आम्हा साडूंमध्ये कुरकुर आहे. एक म्हणतो, “रोज फोनवर बोलतात की! भेटायचं कशाला?” अहो, फोनवर मान खांद्याला आणि हात कणकेत असतात. थोरलीच्या छातीतली गाठ तीन महिने फोनवर “बरी आहे” असेच म्हणत होती. बोलली ती त्या शनिवारी, ताटे उचलल्यावर. सोमवारी तिघींनी तिला धरून डॉक्टरकडे नेली. वेळेत नेली म्हणून आज मी हे जरा हलक्या हाताने लिहू शकतो.

दुसरा साडू अधिक धोकादायक. तो प्रेमाने म्हणतो, “आपण सगळेच जमू, फॅमिली गेट-टुगेदर करू!” म्हणजे काय होणार? चौघी स्वयंपाकघरात, चौघे क्रिकेटसमोर, आणि दर ओव्हरला चहा. हेच गृहस्थ शाळेच्या बॅचबरोबर कर्जतला दोन रात्री राहून येतात. तेव्हा फॅमिली आठवत नाही.

तिसरा सल्ला भावांचा: “माहेर आहे ना, तिथे जमा!” आता माहेर म्हणजे काय ते कायद्यात बघू. वडील मृत्युपत्र न करता गेले तर लेकीला लेकाइतकाच वाटा, हे १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात होते. पण त्याच कायद्याचे कलम २३ सांगे, भाऊ राहत असलेल्या घराची वाटणी तिने मागायची नाही. राहण्याचा हक्क अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीला. सुखाने नांदणाऱ्या लेकीला तोही नाही! हे कलम गेले २००५ साली. कलम गेले, हक्कसोडपत्र राहिले. आमच्या काउंटरवर मयत खातेदाराच्या ठेवीचा दावा येतो, तेव्हा बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र लागते. त्यावरच्या सह्या बहुतेक बायकांच्या असतात. घर फिरले की वासे फिरतात म्हणतात. उपनगरातल्या पुनर्विकासात तर वासेच उरत नाहीत. सह्या देऊन बसलेल्या बहिणींना कुठल्या माहेरी जमा म्हणता?

म्हणून माझे म्हणणे, त्या शनिवाराला हात लावू नका. त्या दिवशी त्या एकमेकींना ज्या नावांनी हाका मारतात, ती आम्हाला ठाऊक असून उच्चारायची सोय नाही. ती हाक मारणारी माणसे आता जगात तीनच उरली आहेत. त्यांच्यात आपण बसून काय उजेड पाडणार?

येत्या जानेवारीत फॅमिलीचा ठराव पुन्हा येणार, अशी मुलुंडहून बातमी आहे. माझे मत विरोधी लिहून घ्यावे. बाकीच्या तिन्ही साडूंनी हवे तर माझ्याबरोबर जेवायला यावे. पिठले-भात मला येतो. पापड त्यांनी भाजावेत.