अवयवदानाची इच्छा घरच्यांना माहीत असावी : एक जाहीर आवाहन

महाराष्ट्र आणि गोव्यातील प्रत्येक कुटुंबाला आवाहन आहे की, मरणोत्तर अवयवदानाविषयी घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीची इच्छा काय आहे, हे तिच्याच तोंडून एकदा विचारून घ्यावे.

या आवाहनामागे वर्तनाधारित अर्थशास्त्राचा, म्हणजे माणसे प्रत्यक्षात निर्णय कसे घेतात हे तपासणाऱ्या शास्त्राचा, आधार आहे. काहीच न केल्यास जो पर्याय आपोआप लागू होतो त्याला ‘पूर्वनिश्चित पर्याय’ म्हणतात. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी 2003 मध्ये दाखवून दिले की, नकार न नोंदवणारा प्रत्येक नागरिक दाता मानणाऱ्या ऑस्ट्रियात संमतीचे प्रमाण 99.98 टक्के होते, तर स्वतःहून होकार नोंदवावा लागणाऱ्या शेजारच्या जर्मनीत ते 12 टक्केच होते. त्यांच्या प्रयोगात होकार नोंदवायचा असता 42 टक्के, नकार नोंदवायचा असता 82 टक्के, आणि आधी कोणताच पर्याय न ठेवता उत्तर मागितल्यावर 79 टक्के लोक दानास तयार झाले. यांतील शेवटचा आकडा विशेष मोलाचा आहे, कारण थेट विचारले की बहुतेक माणसे होकार देतात, हे त्यावरून कळते.

मात्र केवळ कायदा उलटा केल्याने दान वाढते, असे समजणे घाईचे ठरेल. स्पेनमध्ये संमती गृहीत धरणारा कायदा 1979 मध्येच झाला होता, परंतु दात्यांची संख्या वाढू लागली ती 1989 मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन होऊन रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यानंतर. आणि तेथेही नातेवाइकांना विचारल्यावाचून अवयव घेतले जात नाहीत.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशाच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांवरून संसदेने संमत केला, त्यामुळे महाराष्ट्र आणि गोव्याचे त्याच्याशी नाते जुने आहे. मेंदूस्तंभाचे कार्य कायमचे थांबले, तरी व्हेंटिलेटरच्या आधारे हृदय काही काळ धडधडत राहते. अशा रुग्णाची तज्ज्ञ डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते आणि मगच मेंदूमृत्यू प्रमाणित होतो. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या, अंग अजून उबदार असलेल्या माणसाचा मृत्यू मान्य करू पाहणाऱ्या कुटुंबाला समन्वयक दानाविषयी विचारतो तो याच वेळी. गेलेल्या माणसाची इच्छा कोणालाच ठाऊक नसेल, तर नकार हाच त्या कुटुंबाचा पूर्वनिश्चित पर्याय ठरतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. इतके मोठे ओझे त्या तासांत त्याच्यावर पडू नये, यासाठीच हे बोलणे आधी व्हायला हवे.

कायद्याच्या कलम 3 प्रमाणे दानाची लेखी इच्छा दोन साक्षीदारांसमक्ष नोंदवायची असते आणि त्यांपैकी निदान एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. या तरतुदीकडे निव्वळ कागदोपत्री अट म्हणून पाहू नये. ज्यांनी प्रतिज्ञापत्र भरले आहे त्यांनी ते कपाटात न ठेवता पती, पत्नी, मुले आणि भावंडांना दाखवावे. ज्यांची इच्छा नाही त्यांनीही तसे स्पष्ट सांगावे. आणि ज्यांचा निर्णय अजून झालेला नाही त्यांनी मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे आपल्या शंका मांडाव्यात.