तारीख आधी, प्लॅन नंतर

पडघ्यात राहतो, पोटापाण्यासाठी गोडाऊनच्या कामांचं शेड्यूल बनवतो. थोडं लांबलंय, पण वाचा.

शेड्यूलचं सॉफ्टवेअर उघडलं की त्यात एक तयार कॅलेंडर असतं. सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच, मधे तासभर जेवण. गणपती, ईद, छठ काहीच नाही, सगळं आपण भरायचं. एकदा आमच्या मुकादमांना लॅपटॉपवर अख्खा चार्ट दाखवला. त्यांनी नीट पाहिला आणि विचारलं, "साहेब, यात लावणी कुठंय?" जुलैत शहापूर-मुरबाडकडची माणसं भाताला जातात. तो प्रश्न मी आजही प्रत्येक फाईल उघडताना स्वतःला विचारतो. दिवाळी-छठला यूपी-बिहारची पोरं जातात, तेही तसंच. माणकोली नाक्यावर मिक्सर दोन तास अडकला तर आतलं काँक्रीट कोणासाठी थांबत नाही, तेही धरावं लागतं.

हे सगळं भरून यंदाच्या एका कामाची तारीख आली २६ सप्टेंबर. क्लायंट म्हणाला, ३१ ऑगस्ट. का? तर त्यांच्या वरच्यांना शब्द दिलाय. शब्द देताना मला कोणी विचारलं नव्हतं, मुकादमांना तर नाहीच.

आता सॉफ्टवेअरमध्ये शेवटची तारीख ठोकून बसवायची सोय आहे. बसवली की अर्धा चार्ट लाल होतो, म्हणजे ते यंत्र सांगतंय की बाबांनो, हे जमत नाही. मग आम्ही काय करतो? एकेका कामाचे दिवस कमी करत जातो, लाल जाईपर्यंत. सगळ्यात सोपा बळी कुठला माहितीये? पाणी मारायचे दिवस. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पीपीसी सिमेंट वापरतात. आयएस ४५६ प्रमाणे असं काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवायला हवं. मी स्वतः १० चे ४ केलेत, एकदा नाही, दोन कामांवर. स्क्रीनवर दोन सेकंदांचं काम. त्या फ्लोअरवर उंच रॅक उभे आहेत आणि खाली माणसं वावरतात. त्यातल्या एका गोडाऊनवरून आजही जातो तेव्हा आत डोकावत नाही.

सरकारी कामांतही तारीख आधी जाहीर होते. समृद्धी महामार्ग चार टप्प्यांत उघडला. डिसेंबर २०२२ ला सुरुवात, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. रस्ता चांगला झालाय, माझी तक्रार रस्त्याबद्दल नाही. पण त्याच रस्त्याच्या कामावर सरळांब्याला १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि २० जण गेले. ते घाईमुळेच झालं असं मी म्हणत नाही, तेवढी माहिती माझ्याकडे नाही. पण त्या दिवसापासून चार्टमध्ये 'रात्रपाळी' लिहिताना हात थांबतो.

मागणी एवढीच आहे. वडपे-माजिवडा रुंदीकरण असो की गावातलं गटार, बोर्डवर फक्त पूर्ण होण्याची तारीख नको. पहिली ठरलेली तारीख, बदललेली तारीख आणि बदलाचं कारण, तिन्ही लिहा. सॉफ्टवेअरमध्ये मूळ प्लॅन जपून ठेवायची सोय असतेच, ठेकेदाराकडून तो मागून घ्यायचा. पावसाने आठ दिवस गेले असं लिहिलेलं वाचलं तर लोक समजून घेतात हो. रोज ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्याला निदान कळेल तरी.

आणि हो, २६ सप्टेंबरवाली फाईल काल क्लायंटला पाठवली. पाणी मारायचे १० दिवस तसेच ठेवलेत, लावणीचाही आठवडा. त्यांची ३१ ऑगस्ट तारीख टाकली की चार्ट लाल होतो, तो लालच पाठवलाय. अजून फोन आलेला नाही.