जागा कोणाच्या नावावर?

स्नीकर आणि स्ट्रीटवेअरची दुकाने काढणारे आपले तरुण सहकारी 'कम्युनिटी' हा शब्द आता सर्रास वापरतात. उद्घाटनाला डीजे, ड्रॉपच्या दिवशी रांग, भिंतीवर ग्राफिटी. याने गर्दी जमते, पण वस्ती जोडली जात नाही.

लॉस एंजेलिसमधल्या क्रेनशॉ आणि स्लॉसन या रस्त्यांच्या चौकातले दुकान या व्यवसायातल्या प्रत्येकाने अभ्यासावे. रॅपर निप्सी हसल, म्हणजे एर्मियास अ‍ॅस्गेडॉम, याच परिसरात वाढला. ज्या आवारात तो एकेकाळी गाडीतून स्वतःच्या सीडी विकायचा, तिथेच त्याने 2017च्या जूनमध्ये 'द मॅरेथॉन क्लोदिंग' सुरू केले. फोनवरच्या अ‍ॅपने कपडा स्कॅन केला की गाणी आणि चित्रफिती उघडत. वर्तमानपत्रांनी या तंत्राचे कौतुक केले. आम्हाला मात्र त्याची नोकरभरती अधिक महत्त्वाची वाटते: तुरुंगातून सुटून आलेल्या, ज्यांच्यासाठी इतरत्र दारही उघडत नसे अशा माणसांना त्याने काम दिले. 2018मध्ये भागीदारासह जवळच 'व्हेक्टर 90' काढले. नवउद्योजकांना बसायला जागा आणि मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण, असा तो बेत होता. आणि मग भागीदारांबरोबर त्याने दुकान असलेला अख्खा प्लाझाच विकत घेतला.

31 मार्च 2019 रोजी याच दुकानासमोर गोळ्या घालून त्याची हत्या झाली. तो 33 वर्षांचा होता. हे लिहिताना आजही वाईट वाटते.

प्लाझा विकत घेण्याचा निर्णय आपल्या व्यवसायाच्या मुळाशी जातो. चांगले दुकान आले की रस्त्याला भाव येतो, भाडी चढतात, आणि ज्यांच्यामुळे रस्ता जिवंत असतो तो शिंपी, चहावाला, खुद्द दुकानदारही लिव्ह अँड लायसन्सचा करार संपताच बाहेर पडतो. मुंबई-पुण्यात जागा विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे आम्ही जाणतो. मग लांब मुदतीचा करार करा, शेजारच्या दुकानदारांना बरोबर घेऊन घरमालकाशी एकत्र बोला. दुकानात त्याच वस्तीतली मुले कामाला घ्या, त्यांना खरेदीचे, हिशेबाचे काम शिकवा. ड्रॉपमधले काही जोड रीसेलरच्या हाती जाण्याआधी, पायात घालून बघणाऱ्या स्थानिक गिऱ्हाइकासाठी मापानुसार बाजूला काढून ठेवा.