फसवी जाळी

अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे आहेत. असं धूड विमानाच्या नजरेपासून लपवायचं कसं? त्या काळी दोरीच्या जाळीत हिरव्या-तपकिरी तरटाच्या पट्ट्या हातानं ओवत. गंमत म्हणजे गाडी रंगापेक्षा आकारानं अन् सावलीनं पकडली जाते! म्हणून पट्ट्या मधे दाट, कडेला विरळ. कड सरळ दिसली, की सैनिकांच्या जिवावर बेतलंच. २०१४ पासून युक्रेनमध्येही लोक जुन्या कपड्यांच्या अशा जाळ्या करू लागले.

आपल्या राजापेठेत कांद्याची जाळीदार पिशवी अन् जुनं पोतं सहज मिळेल. पोत्याच्या पट्ट्या काळ्या मातीच्या पाण्यात बुचकळा, वाळवून जाळीत ओवा. अंगणात खेळण्यातल्या जीपवर काड्या रोवून जाळी तंबूसारखी पसरा. आता गच्चीवरून मित्राला शोधू द्या बरं!