जुनी पिकअप व तिचा पाण्याचा पंप

विहिरीवरील पंपांविषयीं शेतकी मासिकांतून पुष्कळ लिहून येतें. परंतु ज्या जुन्या जीप-पिकअपमधून आपला भाजीपाला, खताच्या गोणी व कडबा वाहिला जातो, तिच्या इंजिनापुढेंही एक लहानसा पाण्याचा पंप असतो, याची आठवण आपणांस बहुधा गाडी वाफा टाकूं लागली म्हणजेच होते. मग धांवाधांव सुरू होते. शहरांतील दुकानदार गाडीचें नांव व साल विचारतो; आपण नोंदणीपुस्तक पाहून तें सांगतों; आणि जो पंप हातीं येतो तो पुष्कळदां बसतच नाहीं, किंवा बसतो पण काम करीत नाहीं. दोष मात्र दुकानदाराच्या माथीं मारला जातो. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, या फसगतीचें मूळ बहुधा मागणी करण्याच्या रीतींत असतें. पंपाची मागणी गाडीच्या नांवावरून व सालावरून न करतां, इंजिन ओळखून आणि जुना पंप मोजून करावी.

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. उताऱ्यावर नांव एकाचें आणि बांधावर वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार कोणाही शेतकऱ्यास नवा नाहीं. कागदावर ज्वारी आणि शेतांत ऊस उभा, असेंही पाहावयास मिळतें. जुन्या गाडीचें नोंदणीपुस्तक हें असेंच एक दप्तर होय. त्यांतील साल खोटें नसतें. परंतु मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत बॉनेटखालीं काय काय फेरफार झाले, हें त्यांत उतरलेलें असेलच असें नाहीं. गाडींत केलेला असा बदल नोंदवून घेण्याचें बंधन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नें मालकावर घातलें आहे. तथापि जमिनीच्या कित्येक जुन्या फेरफारांप्रमाणें ही नोंदही राहून जाते, व गाडी तीन-चार मालकांच्या हातांतून पुढें जाते.

आपल्या इकडील जीपचेंच उदाहरण घेऊं. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेली अमेरिकेची विलीस जीप मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९४० च्या दशकाच्या अखेरीस येथें जोडावयास घेतली. आरंभींचें इंजिन पेट्रोलचें, चार सिलिंडरांचें, सुमारें १३४ घनइंचांचें. त्याच्या सर्व झडपा ब्लॉकांत असत. पुढें त्याच मापाच्या इंजिनांत मिश्रण आंत घेणाऱ्या झडपा वर हेडांत गेल्या, इंजिनाची उंची वाढली, आणि म्हणून त्या जीपचें बॉनेटही उंच झालें. त्यानंतर अशाच बांध्याच्या गाड्यांत डिझेल इंजिनें आलीं. प्यूजो कंपनीच्या परवान्यानें बनलेलें इंजिन त्यांपैकींच एक. शिवाय पेट्रोल परवडेना म्हणून गांवोगांवच्या मिस्त्र्यांनीं पेट्रोलचें इंजिन उतरवून मिळेल तें डिझेल इंजिन चढविलें, तें निराळेंच. तेव्हां "जुनी जीप" एवढें म्हटल्यानें पंपाविषयीं कांहींच निश्चित होत नाहीं.

आमच्या तालुक्यांतील एका बागायतदाराची पिकअप ऐन टोमॅटोच्या हंगामांत तापूं लागली. पुस्तकांत इंधन पेट्रोल. बॉनेटखालीं मात्र दोन मालकांपूर्वीं चढविलेलें डिझेल इंजिन. पुतण्या पुस्तकाची प्रत घेऊन शहरांत गेला व पेट्रोल जीपचा पंप घेऊन आला. त्याचें एकही भोक जुळेना. तो परत करण्यांत व दुसरा मिळविण्यांत चार दिवस गेले, आणि भाड्याची गाडी मिळेपर्यंत तोडलेला माल मऊ पडला. त्या नुकसानीपुढें पंपाची किंमत किरकोळ होती.

साल हें दोन्ही बाजूंनीं चकवितें, हें अमेरिकेंतील जुन्या गाड्यांवरून फार चांगलें समजतें. तेथील सुट्या भागांच्या याद्यांत १९४१ पासून १९७१ पर्यंतच्या चार सिलिंडरांच्या विलीस-जीप इंजिनांस सामान्यतः एकच पंप दाखविलेला असतो. म्हणजे तीस वर्षें गेलीं तरी पंप तोच. उलट फोर्डच्या सपाट हेडाच्या व्ही-८ इंजिनांत १९३२ ते १९३६ पर्यंत दोन्ही पंप हेडांवर असत, व १९३७ पासून ते ब्लॉकाच्या पुढील अंगास आले. इंजिनाचें नांव तेंच, पंप मात्र निराळा. शेव्हर्लेच्या १९५५ सालीं निघालेल्या लहान व्ही-८ इंजिनास एक आखूड व एक लांब असे दोन पंप लागतात. ब्लॉकावरचीं भोकें दोहोंचीं जुळतात; परंतु एकाची लांबी सुमारें साडेपांच इंच व दुसऱ्याची सुमारें सात इंच असल्यामुळें, चुकीचा बसविला तर पट्टा सरळ रेषेंत राहात नाहीं, किंवा पंखा रेडिएटरास जाऊन भिडतो.

याहूनही फसवी गोष्ट फिरण्याच्या दिशेची. १९८० च्या दशकांत अमेरिकन गाड्यांत एकच लांब, रुंद पट्टा सर्व पुल्यांवरून नागमोडी नेण्याची पद्धत पसरली. तींत पंपाची पुली पुष्कळदां पट्ट्याच्या पाठीवर चालते व म्हणून उलट फिरते. अशा इंजिनाकरितां इंपेलर, म्हणजे पंपाच्या पोटांतील पात्यांची चकती, उलट्या वळणाची करावी लागते. बाहेरून दोन्ही पंप सारखेच दिसतात. जुन्या इंजिनास हा उलटा पंप बसविला तर गळत नाहीं, वाजत नाहीं, फक्त चढावर इंजिन तापतें. आपणां शेतकऱ्यांस हें समजणें कठीण नाहीं. तीन फेजच्या मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल झाली म्हणजे मोटार उलटी फिरते. थोडें पाणी येतें, पण पाट भरत नाहीं. तोच हा प्रकार.

यास्तव शहरांत जाणाऱ्यानें जुना पंप स्वच्छ करून बरोबर न्यावा, व पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्या. ब्लॉकावर कोरलेला इंजिन नंबर व ओतीव अक्षरांतील आंकडे. पंपाच्या बैठकीवरील भोकांची संख्या व त्यांमधील अंतर. बैठकीपासून पुली बसते त्या तोंडापर्यंतची लांबी. पाण्याच्या नळ्यांच्या तोंडांचा व्यास व दिशा. इंपेलरचा व्यास, त्याची बैठकीपासूनची खोली व पात्यांचें वळण. पुलीस एक खांच आहे कीं दोन. बैठकीचा ठसा पुठ्ठ्यावर काढून घेतल्यास फारच उत्तम. नवा पंप बसवून बोल्ट आवळल्यावर, पट्टा चढविण्यापूर्वीं, तो हातानें फिरवून पाहावा. आंत कोठें घांसत असेल तर इंजिन सुरू करूं नये. आणि गाडी चढावर नेऊन खात्री होईपर्यंत जुना पंप भंगारांत देऊं नये.

"द्या इकडे, बसवून देतों," असें म्हणणारे मिस्त्री सर्वत्र आहेत, व त्यांच्या हातच्या कसबाविषयीं मला आदर आहे. पुली किंवा तिची बैठक लेथवर बदलून घेणें यांत गैर कांहीं नाहीं. परंतु भोकें वाढविणें, इंपेलर कापणें, जाड पॅकिंग घालून उंची साधणें, हे उपाय हंगामाच्या मध्यावर दगा देतात. त्यापेक्षां जुन्या पंपाचें ओतीव घर शाबूत असेल तर त्यांत नवें बेअरिंग व नवें सील घालून घ्यावें. मूळचें घर त्या इंजिनाचेंच असल्यामुळें जुळण्याचा प्रश्नच राहात नाहीं.

तसेंच गाडी तापली म्हणजे पंपच गेला, असें समजूं नये. पंपाखालच्या बारीक छिद्रांतून पाणी गळणें, पंखा धरून हालविला असतां दांडा खुळखुळणें, हीं पंपाचीं लक्षणें होत. तीं नसतील तर आधीं सैल पट्टा, अडकलेला थर्मोस्टॅट व विहिरीच्या जड पाण्यानें क्षार सांचून बुजलेला रेडिएटर पाहावा. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणें म्हणजे हातातोंडावर उकळतें पाणी घेणें होय. आणि तापल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतल्यास हेड तडकण्याचा धोका असतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षां जुनी गाडी विकून टाकावी. ज्यास ऐपत आहे त्यानें खुशाल विकावी. परंतु नव्या गाडीच्या कर्जाचा हप्ता पीक येवो न येवो भरावाच लागतो. ज्याची जुनी गाडी अद्याप चालती आहे, त्यास ती चालती ठेवण्याचें ज्ञान मिळालें पाहिजे.

म्हणून आपल्या संघास माझी एक सूचना आहे. संघाच्या गुदामांत एक वही ठेवावी. जुनें वाहन बाळगणाऱ्या प्रत्येक सभासदानें तींत आपल्या गाडीचें पुस्तकांतील वर्णन एका रकान्यांत व प्रत्यक्ष इंजिनाचें वर्णन शेजारच्या रकान्यांत लिहावें. पंप, पट्टा व सील यांचीं मापें आणि तीं कोणत्या बाजारांत मिळालीं हेंही नोंदवावें. वर्षांतून एकदां पीकपाहणीसारखी या वहीची पाहणी व्हावी. पांच-सात गाड्यांस एकच पंप लागतो असें आढळल्यास, हंगामापूर्वीं एक पंप संघानें आणून ठेवावा व लागेल त्यास मूळ किंमतीनें द्यावा. यास नवा कायदा नको, मोठें भांडवलही नको. संघाच्या चालकांनीं पुढील सभेंत या सूचनेचा विचार करावा, अशी विनंति आहे.