आपली गावे संशोधनाचा विषय. आपले संशोधक मात्र अदृश्य!

कोडोलीला लागून असलेले वारणानगर जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. १९९८ साली इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकाला वजनाची आणि बिलाची माहिती गावातच मिळावी म्हणून परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याची ती योजना होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी याच भागातील सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर ही माहिती देण्याचा प्रयोग आठ महिने चालवला. त्यावरचा त्यांचा निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला आणि तो आजही इंटरनेटवर मोफत वाचता येतो.

यात गैर काहीच नाही. आम्हाला खटकते ते पुढचे. महार वतन, ऊसतोड मजूर, धर्मांतरानंतरची वस्ती, बौद्ध स्त्रियांचे शिक्षण अशा विषयांवर आपल्या मुलामुलींनी पाच-सहा वर्षे घासून लिहिलेले प्रबंध कुठे आहेत? बरेचसे विद्यापीठाच्या कपाटात. पत्रकार, वकील, धोरण आखणारे अधिकारी माहिती शोधतात तेव्हा त्यांच्यासमोर आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेले येते आणि तेच प्रमाण मानले जाते. म्हणून संशोधकाने इंटरनेटवर दिसणे हा मिरवण्याचा प्रकार नाही. आपल्याविषयी कोण बोलणार, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

बाबासाहेबांची रीत

९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातींच्या उगमावर निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नामांकित नियतकालिकात छापून आला. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनीच राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीने ‘मूकनायक’ सुरू केला आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. विद्वानांसाठी इंग्रजी आणि आपल्या माणसांसाठी मराठी, अशा दोन्ही आघाड्या एकाच माणसाने सांभाळल्या. १९३६ मध्ये जात-पात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा न झालेले भाषण त्यांनी स्वतःच छापले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ नाकारले म्हणून विचार थांबला नाही.

गाव लहान आहे, ही सबबही टिकत नाही. वारणेपलीकडे सांगली जिल्ह्यातील कासेगावात राहून डॉ. गेल ऑम्वेट यांनी आयुष्यभर लिहिले आणि जगाने ते वाचले. त्यांचा १९७३ चा प्रबंध पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर होता. तो ग्रंथरूपाने आला म्हणूनच पुढच्या पिढ्यांच्या हाती पोहोचला.

प्रबंध आहे, पण सापडत नाही

यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीपासून प्रत्येक पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक आहे. हे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवले जातात. मग अडचण कुठे येते? अनेक मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात किंवा कागदाचे फोटो काढावेत तसे स्कॅन केलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाला त्यातला एक शब्दही कळत नाही. मग ‘वतन’ असा शब्द टाकून शोधणाऱ्याला प्रबंधातले ते प्रकरण सापडावे कसे?

उपाय साधा आहे. पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच टाइप करा. शीर्षक, सारांश आणि कळीचे शब्द मराठी व इंग्रजी दोन्हींत द्या. शीर्षकात गाव, तालुका आणि कालखंड येऊ द्या. ‘एक चिकित्सक अभ्यास’ या शब्दांनी काहीच शोधता येत नाही.

‘कांबळे’ नेमके कोण?

कोल्हापूर जिल्ह्यात कांबळे आडनावाचे किती अभ्यासक असतील! त्यात इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक निबंधात वेगळे, कुठे पूर्ण नाव तर कुठे नुसती आद्याक्षरे. एकाचे काम दुसऱ्याच्या खात्यावर जाते किंवा कुणाच्याच खात्यावर जात नाही. यासाठी २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो. तो आयुष्यभर बदलत नाही, मग लग्नानंतर नाव बदलो वा नोकरी. आपल्या संशोधक भगिनींनी तर तो आधी घ्यावा. त्यानंतर गुगल स्कॉलरवर आपले पान तयार करा आणि त्यात दुसऱ्याचे निबंध शिरले असतील तर ते काढून टाका.

स्वतःचे लेखन ठेवण्यासाठी ‘झेनोडो’ हे मोफत भांडार आहे. युरोपातील सर्न या संशोधन संस्थेने ते २०१३ मध्ये सुरू केले. तिथे ठेवलेल्या प्रत्येक निबंधाला ‘डीओआय’ हा कायमचा क्रमांक मिळतो. मात्र छापून आलेला निबंध ठेवण्याआधी प्रकाशकाशी झालेला करार वाचा. अनेकदा छापील पान ठेवता येत नाही, पण स्वीकारलेला मसुदा चालतो.

पैसे भरा, निबंध छापा!

निबंधांची संख्या वाढवायच्या घाईत आपले विद्यार्थी फसतात. व्हॉट्सअॅपवर जाहिरात येते, हजार-दोन हजार भरले की आठवड्यात प्रमाणपत्र हातात. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर व संशोधकांवर आली. संपादक मंडळ खरे आहे का, निबंध कुणी तपासतो का, जुने अंक वाचायला मिळतात का, एवढे तरी बघा. फेलोशिपचे पैसे अशा दुकानात घालू नका.

‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या केंद्राच्या ६००० कोटींच्या योजनेमुळे सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके वाचायला मिळू लागली. वाचण्याची सोय झाली, हे चांगलेच. पण आपले वाचले जावे, याची सोय कुठलीही योजना करणार नाही.

काय उघडे ठेवायचे, काय झाकायचे

बुद्धाने धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. संशोधनही तसेच तपासायला खुले असावे. पण अत्याचारग्रस्त कुटुंबाची मुलाखत, साक्षीदाराचे नाव, वस्तीचा ओळखू येणारा तपशील इंटरनेटवर टाकणे म्हणजे मोकळेपणा नव्हे. त्या माणसाला उद्या त्याच गावात राहायचे असते. निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवावेत आणि माणसे सुरक्षित ठेवावीत. आडनाव दिसले की शिवीगाळ करणारेही भेटतील. त्यांना उत्तर देत बसण्यापेक्षा पुढचा निबंध लिहावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

विहारात १४ एप्रिलला व्याख्यान ठेवता, तसे वर्षातून एकदा तालुक्यातल्या संशोधकांना बोलवा. प्रत्येकाने आपला प्रबंध वीस मिनिटांत, घरकाम करणाऱ्या माउलीलाही कळेल अशा मराठीत सांगावा. त्याच दिवशी टायपिंग येणाऱ्या मुलांनी दोन पानी सारांश युनिकोडमध्ये तयार करावा आणि संशोधकाच्या संमतीने इंटरनेटवर ठेवावा. ज्यांच्या जगण्यावर प्रबंध लिहिला, त्यांनी तो आधी ऐकावा. चुकले असेल तर तेच दुरुस्त करतील.

एवढ्यासाठी ना अनुदान लागते, ना कुणाची शिफारस. लागतो एक संगणक, इंटरनेट आणि महिन्यातला एक रविवार.

जय भीम!