वाघाचा फोटो आणि बाईची चाळिशी

डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीच्या जंगलात वाघाचा फोटो मिळाला आणि आमच्याकडे कराडपासून शिराळ्यापर्यंत पेपरात, एसटीत, चहाच्या टपरीवर तोच विषय झाला. कौतुक वाटणारच. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांतलं कोयना-चांदोलीचं जंगल मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तो २०१० मध्ये. त्यानंतर मे २०१८ मध्ये असाच एक फोटो मिळाला होता, आणि पुन्हा हा.

हे फोटो कोणी माणूस झाडावर बसून काढत नाही. झाडाच्या बुंध्याला साधारण गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधून ठेवतात. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की तो आपोआप फोटो घेतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचे, कारण वाघाच्या उजव्या आणि डाव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येकाचे पट्टे वेगळे. हा वाघ तोच की दुसरा, हे त्यावरून ठरतं. एका जनावराची ओळख पटवायला किती ही काळजी!

मैत्रिणींनो, वाघाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच डोंगराच्या पायथ्याला, पाटण आणि शिराळ्याच्या वाड्यावस्त्यांवर, पंचेचाळिशीची बाई तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढते. तिच्या डोळ्यांची नोंद कुठे होते? आपल्या भाषेत वयालाही चाळिशी म्हणतात आणि जवळच्या चष्म्यालाही चाळिशीच. म्हणजे हे प्रत्येकीला होणार, हे आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं. तरी आमच्या नेत्रतपासणी शिबिरात ‘कशाला पायजे चष्मा? सुई नाय दिसली तर नातीला ओवायला सांगते’ हे उत्तर ठरलेलं.

म्हणून मला नाशिकच्या डॉ. रमेश रासकरांच्या कामाचं फार अप्रूप वाटतं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला हा माणूस पुढे अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाला. कॅमेरा, भिंग, प्रकाश हाच त्यांचा अभ्यास. २०१० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेत्रा’ नावाचं उपकरण जगापुढे मांडलं. नावही बघा कसं आपलं! दवाखान्यातलं महागडं मशीन डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढतं. यांनी गोष्टच उलटी केली. मोबाईलच्या पडद्यावर भिंगाचा एक छोटा स्वस्त तुकडा बसवायचा, त्याला डोळा लावायचा. दोन रंगांच्या रेघा दिसतात. त्या एकमेकींवर बसेपर्यंत बटण दाबायचं. किती वेळा दाबलं यावरून चष्म्याचा नंबर निघतो. अक्षर ओळखायची गरज नाही. निरक्षर आजीसुद्धा रेघा जुळवू शकते, हे मला सगळ्यात आवडलं. २०११ मध्ये याच गटाने मोतीबिंदू ओळखण्यासाठी मोबाईलवर चालणारं ‘कॅट्रा’ही दाखवलं.

रासकरांच्या नावावर पंचाहत्तरहून अधिक पेटंट आहेत. २०१६ मध्ये त्यांना ५ लाख डॉलरचा लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाला. पेटंट म्हणजे काय, तर आपला शोध कसा चालतो हे सगळ्यांपुढे उघड करायचं आणि त्या बदल्यात २० वर्षं त्याच्यावर हक्क मिळवायचा. अशी बातमी आली की आपण पेटंट मोजतो, डॉलर मोजतो. चष्मे किती जणींच्या नाकावर बसले, हे विचारायचं राहून जातं.

आणि यात शोध लावणाऱ्याचा दोष नाही, हे स्पष्टच सांगते. यंत्र नंबर सांगून मोकळं होतं. पुढचं घराने करायचं असतं. तालुक्याला जायचं एसटीचं भाडं, बुडणारी रोजंदारी, सोबत कोण येणार, आणि वर ‘तुला काय हापिसात जायचंय का?’ हा टोमणा. मोबाईलवर डोळे तपासता येतील, पण घरातला मोबाईल असतो कुणाच्या खिशात? मुलींचं तर आणखीच अवघड. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पोरगी मागे पडते, आणि आई म्हणते, चष्मा लावला तर स्थळं येणार नाहीत. शिकल्या-सवरलेल्या घरांत हे ऐकलंय मी.

ज्यांना बाईच्या डोळ्यांचा हिशेब पैशातच कळतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. पानं खुडणाऱ्यांत बायकाच जास्त. निम्म्यांना जवळचा साधा चष्मा दिला, निम्म्यांना तेव्हा दिला नाही. चष्मेवाल्यांची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्के जास्त वाढली. साध्या चष्म्याने! आपल्याकडे द्राक्षाची विरळणी, बेदाणा निवडणं, हळद निवडणं ही सगळी डोळ्यांचीच कामं, आणि ती करतं कोण?

आमच्या मंडळात यंदा मी एक सूर लावलाय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या वाट्या आणि स्टीलचे चमचे पुरे झाले. कपाटात जागा नाही उरली. त्याऐवजी वाण म्हणून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची डोळे तपासणी करू, आणि लागेल तिला चष्मा देऊ. बाजारातून सरसकट एकाच नंबरचे घेऊन वाटायचे नाहीत, कारण दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असू शकतो आणि काचबिंदू आतल्या आत नजर खातो, तो तपासल्याशिवाय कळत नाही. दोघीतिघींनी नाकं मुरडली, ‘हळदीकुंकवाला कुणी चष्मा लुटतं का’ म्हणाल्या. लुटू की! सतरा जणींनी नावं दिली आहेत, आणि तपासणीचा दिवस बाजारवार सोडून ठेवलाय, म्हणजे कुणाची रोजंदारी बुडाली तरी निदान बाजार बुडायला नको.